घरांतील नवा अग्नि : बॅटरीवरील अवजारांची निगा

गृहस्थाश्रमाचा आणि अग्नीचा संबंध फार प्राचीन आहे. चूल, समई, कंदील, शेगडी, स्टोव्ह आणि गॅस असे अग्नीचे अवतार एकामागून एक आपल्या घरांत आले आणि प्रत्येकाबरोबर त्यास सांभाळण्याची एक रीतही आली. चुलींतले निखारे रात्रीं राखेखालीं झांकावे, समई पडद्यापासून दूर ठेवावी, स्टोव्हला बेताचाच पंप मारावा, निजण्यापूर्वीं गॅसची चावी पाहावी, हे नियम कोणी पुस्तकांत वाचून शिकला नाहीं. घरांतील वडील माणसें तसें करीत आणि मुलें तें पाहून शिकत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र घरांत एक असा अग्नि आला आहे कीं, ज्यास ज्वाला नाहीं, धूर नाहीं आणि वासही नाहीं. त्यामुळें तो अग्नि आहे हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि त्यास सांभाळण्याची रीतही अद्याप घराघरांत रुजलेली नाहीं. हा अग्नि म्हणजे लिथियम-आयन बॅटरी होय.

ही बॅटरी मोबाइल फोनांतही असते. परंतु प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे तो अवजारांच्या बॅटरीचा. भिंतीस भोंक पाडणारें ड्रिल, स्क्रू पिळणारें यंत्र, लहान करवत, ग्राइंडर, कोंकणांतील वाडींत गवत कापण्याचें यंत्र, हीं सर्व आतां वायर न लावतां चालतात. पूर्वीं अशीं अवजारें सुताराच्या पेटींत असत. आतां तीं मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या माळ्यावर किंवा जिन्याखालच्या कपाटांत सांपडतात. घरांतील चिरंजीव पडद्याचा दांडा बसवितात, सूनबाई भिंतीवर तसबीर टांगतात, नातवंडें शाळेच्या प्रयोगासाठीं तेंच यंत्र मागतात. अवजार सर्वांचें असतें. पण त्याची बॅटरी चार्जरला कोणी लावली, कधीं लावली, ती मध्यंतरीं खालीं पडली होती काय, हें विचारल्यास कोणासच सांगतां येत नाहीं. खरा धोका येथेंच आहे. या बॅटरीचा गुणधर्म नीट समजून घेतला आणि तिला घरांत एक जबाबदार धनी नेमून दिला, तर तिला भिण्याचें मुळींच कारण नाहीं.

थोडा पूर्वेतिहास

वायरवांचून चालणारें ड्रिल अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीनें १९६१ सालीं बाजारांत आणलें. त्यांत निकेल-कॅडमियम जातीची बॅटरी होती. ती वजनानें जड आणि शक्तीनें बेताची असे. लिथियमच्या बॅटरीचा पाया पुढें तिघां शास्त्रज्ञांनीं घातला. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं आरंभ केला. जॉन गुडइनफ यांनीं १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें कोबाल्ट ऑक्साइडचें धनाग्र सुचविलें. जपानचे अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं त्यास कार्बनच्या ऋणाग्राची जोड देऊन व्यवहारांत टिकेल अशी बॅटरी सिद्ध केली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती विक्रीस आणली. या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. अवजारांत ही बॅटरी प्रथम आली ती २००३ सालीं, बॉश कंपनीच्या एका लहानशा स्क्रू पिळण्याच्या यंत्रांत. २००५ सालापासून मोठीं अवजारेंही तिच्यावर चालूं लागलीं.

हा इतिहास सांगण्याचें एक कारण आहे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीस अर्धवट वापराची खोड लागे. म्हणून 'बॅटरी पार उतरूं द्यावी आणि मगच चार्ज करावी' असा नियम त्या काळीं झाला. बॅटरी बदलली, पण नियम लोकांच्या तोंडीं तसाच राहिला. लिथियमच्या बॅटरीस हा नियम लावणें म्हणजे एकाचें औषध दुसऱ्यास देणें होय. तिला पार रिकामें करण्यानें तिचें आयुष्य वाढत नाहीं, उलट घटतें.

बॅटरीच्या आंत काय असतें?

'आयन' हा शब्द मायकेल फॅरेडे यांनीं १८३४ सालीं प्रचारांत आणला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ 'जाणें' असा आहे. संस्कृतांतील 'इ' हा गत्यर्थक धातु, ज्यापासून आपला 'अयन' शब्द झाला, तो या ग्रीक धातूचा सगोत्रच आहे. सूर्याचें जसें उत्तरायण आणि दक्षिणायन, तशींच या बॅटरींतही दोन अयनें चालतात. प्रत्येक सेलांत दोन अग्रें असतात. एक धातूच्या ऑक्साइडचें व दुसरें ग्राफाइटचें. ग्राफाइटची रचना फडताळाच्या खणांसारखी पदरापदरांची असते. चार्जर लावला म्हणजे लिथियमचे आयन ऑक्साइड सोडून ग्राफाइटच्या खणांत जाऊन बसतात. यंत्राची कळ दाबली म्हणजे तेच आयन परत फिरतात आणि बाहेरच्या तारेंतून वीज वाहूं लागते. दोन्ही अग्रांच्या मध्यें प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास असते. आयनांस ये-जा करण्यासाठीं आंत एक सेंद्रिय द्रव भरलेला असतो, आणि तो द्रव पेट घेणारा आहे.

बाजारांत १८ व्होल्टची म्हणून जी बॅटरी मिळते, तिच्यांत ३.६ व्होल्टचे पांच सेल ओळीनें जोडलेले असतात. त्यांतील प्रत्येक सेल बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. मोठ्या बॅटरींत असे दहा सेल, म्हणजे पांच जोड्या असतात. आतां हिशेब पाहा. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास अशी बॅटरी असेल, तर दोहोंचा गुणाकार ७२ वॉट-तास होतो. एक लिटर पाण्याचें उष्णमान सुमारें ६० अंशांनीं वाढविण्यास एवढी ऊर्जा पुरते. साध्या मोबाइलच्या बॅटरीच्या ही जवळजवळ चौपट झाली. शिवाय हा हिशेब केवळ विजेचा. आंतील द्रव पेटला तर त्याची उष्णता वेगळीच.

मधला पडदा शाबूत आहे तोंवर हें सर्व सुखरूप चालतें. परंतु बॅटरी चेंगरली, मर्यादेबाहेर चार्ज झाली, फार तापली किंवा तिच्या घडणींतच दोष असला, तर पडद्याचा घात होतो. पॉलिएथिलीनचा पडदा सुमारें १३० अंशांस वितळतो. मग दोन अग्रें एकमेकांस भिडतात, उष्णता वाढते, वाढलेल्या उष्णतेनें रासायनिक क्रिया अधिक वेगानें होते आणि त्या क्रियेंतून पुन्हां उष्णता निघते. एका सेलची आंच शेजारच्या सेलास लागते आणि पाहतां पाहतां सगळी बॅटरी पेटते. ऑक्साइडमधून प्राणवायु सुटत असल्यामुळें नुसतें वरून झांकल्यानें ही आग विझत नाहीं.

चार्ज करण्याची जागा आणि वेळ

बॅटरीस सर्वांत अधिक जपावयाचें तें चार्ज होतांना. त्यासाठीं घरांत एक जागा कायमची नेमावी. ती जागा उघडी, हवेशीर आणि सपाट असावी. खालीं फरशी किंवा कडाप्पा असावा. गादी, सोफा, सतरंजी, रद्दीचा गठ्ठा, लांकडाचा भुसा यांवर बॅटरी चार्जरला लावूं नये, कारण अशा जागीं उष्णता बाहेर पडावयास वाट मिळत नाहीं आणि पेटण्यास सरपण मात्र आयतें मिळतें. देवघराच्या शेजारीं, जेथें समई तेवत असते, तेथेंही ती नसावी.

जागा निवडतांना आणखी एक विचार अवश्य करावा. पुष्कळ घरांत मुख्य दाराजवळ प्लग असतो आणि सोय म्हणून चार्जर तेथेंच लावला जातो. परंतु आग लागली तर घरांतील माणसांनीं बाहेर पडावयाचें तें त्याच दारानें. आजी-आजोबा, बाळंतीण, लहान मुलें यांची वाटच बंद झाली तर काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको. म्हणून दार, जिना आणि निजण्याची खोली या तीन जागा वर्ज्य समजाव्या.

वेळेविषयीं नियम एकच. घर जागें असतांना चार्ज करावी, निजतांना नाहीं. 'रात्रीं लावून ठेवली म्हणजे सकाळीं तयार' ही सोय महागांत पडण्यासारखी आहे. बॅटरी भरली म्हणजे ती काढून घ्यावी आणि चार्जरचा प्लग बंद करावा. चार्जर त्याच बॅटरीसाठीं दिलेला असावा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरावयाचा आणि तेथेंच थांबावयाचें असतें. चांगला चार्जर ही मर्यादा काटेकोरपणें पाळतो आणि बॅटरीचें उष्णमानही पाहतो. खांच जुळली म्हणून भलताच चार्जर लावूं नये. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर तीन-चार चार्जर, इस्त्री आणि पंखा अशी गर्दीही करूं नये.

येथें एका गोष्टीकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावेंसें वाटतें. शहरांत नव्या फ्लॅटांत फर्निचरचें काम निघालें म्हणजे कारागीर पुष्कळदां तेथेंच राहतात आणि तेथेंच निजतात. दिवसभर चालविलेल्या चार-सहा बॅटऱ्या ते रात्रीं एका बोर्डावर लावून ठेवतात. भोंवतीं प्लायवुडचे तुकडे, भुसा, पॉलिश आणि थिनरचे डबे असतात. कित्येक घरमालक तर दारास बाहेरून कुलूपही घालून जातात. हीं माणसें आपल्या घरासाठीं श्रम करीत असतात. त्यांच्या जिवाची काळजी आपल्याकडे आहे. बॅटऱ्या चार्ज करण्यासाठीं त्यांस रिकामी फरशी असलेली एक खोली नेमून द्यावी, थिनर वेगळ्या जागीं ठेवावयास सांगावें, चार्जिंग काम चालूं असतांनाच उरकून घ्यावें आणि बाहेरून कुलूप कधींही घालूं नये. एवढें करण्यास एक पैसाही खर्च येत नाहीं.

बॅटरीचा मिताहार

मनुष्यास जसा अतिआहार आणि उपवास दोन्ही बाधतात, तसेंच या बॅटरीचें आहे. यंत्राचा जोर कमी झालासा वाटला म्हणजे काम थांबवून बॅटरी चार्ज करावी. ती मरेपर्यंत यंत्र रेटूं नये. सेलचें दाब-मान मर्यादेच्या फार खालीं गेलें आणि तसेंच राहिलें, तर आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो. पुढें चार्ज करतांना तेंच तांबें भलत्या जागीं जमून आंतल्या आंत दोन अग्रें जोडलीं जाण्याचा संभव असतो. चार्जर अशी बॅटरी घेण्याचें नाकारतो, आणि तें योग्यच आहे. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून तिला 'जागी करण्याची' युक्ति कोणी सांगितली तरी ती करूं नये.

महिना-दोन महिने अवजार लागणार नसेल, तर बॅटरी पूर्ण भरूनही ठेवूं नये आणि रिकामीही ठेवूं नये. निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी. बॅटरीवर चार दिवे असतात, त्यांतील दोन लागले म्हणजे पुरे. पूर्ण भरलेली बॅटरी उष्ण जागीं पडून राहिली कीं ती लौकर म्हातारी होते. सहा महिन्यांतून एकदां तरी तिची विचारपूस करून थोडी चार्ज करावी.

उष्णतेविषयीं कित्येक उत्पादकांच्या पुस्तिकेंत १० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चार्ज करावी आणि ५० अंशांच्या घरांत जाणाऱ्या जागीं ठेवूं नये, असें सांगितलेलें असतें. नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यांत बाहेरचें उष्णमानच ४५ अंशांच्या पुढें जातें. तेथें पत्र्याच्या खोलींत किंवा गच्चीवरच्या टाकीशेजारीं बॅटरी ठेवणें म्हणजे तिला भट्टींत घालणें होय. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतही तीच गत होते. विदर्भांतील वाचकांनीं उन्हाळ्यांत बॅटरी सकाळच्या गारव्यांतच चार्ज करावी. यंत्रावर जड काम करून बॅटरी तापली असेल, तर अर्धा-पाऊण तास ती निवूं द्यावी आणि मग चार्जरला लावावी. लौकर निवावी म्हणून पाण्यांत बुडविणें किंवा फ्रिजमध्यें ठेवणें हें मात्र अगदीं चूक आहे.

आपलीं कित्येक मुलें आतां टोरांटो, शिकागो अशा थंड गांवीं असतात आणि अवजारें तेथील गॅरेजमध्यें ठेवतात. त्यांच्यासाठीं उलट बाजूची सूचना आहे. उष्णमान शून्याच्या खालीं असतांना बॅटरी चार्ज करूं नये. थंडींत ग्राफाइटचे खण आयनांस लौकर आंत घेत नाहींत. पंगतींत पाट मांडण्यापूर्वींच पाहुणे दाटीनें आले म्हणजे ते जसे ओटीवरच तिष्ठत राहतात, तसे हे आयन ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातुरूपानें सांचतात. ही हानि पुन्हां भरून येत नाहीं आणि तिच्यामुळें पुढें धोकाही वाढतो. म्हणून बॅटरी आधीं घरांत आणून दोन-तीन तास ठेवावी, ऊब आल्यावर चार्ज करावी.

ठेवण्याची व हाताळण्याची रीत

बॅटरी यंत्रांतून काढल्यावर तिचीं पितळी-तांबडीं टोकें उघडीं पडतात. तीं टोकें खिळे, स्क्रू, किल्ल्या, तारेचे तुकडे अशा धातूच्या वस्तूंनीं जोडलीं गेलीं, तर शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह क्षणांत वाहूं शकतो. आपल्या घरांतील मोठ्या प्लगची मर्यादा १६ अँपिअर असते, यावरून त्या प्रवाहाचा जोर कळेल. म्हणून सुटी बॅटरी खिळ्यांच्या डब्यांत टाकूं नये. बरोबर आलेलें प्लास्टिकचें झांकण लावूनच ठेवावी. झांकण हरवलें असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावावी. बॅटरी हाताळतांना हातांत बांगड्या, कडें किंवा अंगठी असेल तर ती टोकांस लागूं देऊं नये.

वायरच्या यंत्राचा प्लग काढला कीं तें निर्जीव होतें. बॅटरीचें यंत्र मात्र सदैव जागें असतें. ड्रिलचें पातें किंवा ग्राइंडरची चकती बदलतांना आधीं बॅटरी काढावी आणि मगच हात घालावा. काम संपल्यावर यंत्र एका जागीं आणि बॅटरी दुसऱ्या जागीं, मुलांच्या हातास लागणार नाहीं अशी ठेवावी. मुलांस मात्र नुसतें 'हात लावूं नको' म्हणून गप्प करूं नये. आंत काय आहे हें त्यांस समजावून सांगावें. ज्यास कारण कळलें तो मुलगा नियम आपण होऊन पाळतो.

पावसाळ्यांत कोंकणच्या दमट हवेंत टोकांवर गंज चढतो. कोरड्या फडक्यानें तीं पुसावीं. पाण्यांत बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हां वापरणें फार घातक आहे. २०१९ सालीं कोल्हापूर-सांगलीस आणि जुलै २०२१ मध्यें चिपळूणास महापूर आला, तेव्हां अनेकांचीं अवजारें दिवसच्या दिवस पाण्याखालीं होतीं. अशा वेळीं यंत्र दुरुस्त होऊं शकेल, पण त्याच्या बॅटरीचा मोह सोडला पाहिजे. आंत शिरलेलें पाणी आणि गाळ कांहीं दिवसांनीं, कोणी जवळ नसतांना, आपला परिणाम दाखवितो.

खरेदी आणि दुरुस्ती

काटकसर हा आपल्या घरांचा भूषणभूत गुण आहे. पण बॅटरीच्या बाबतींत ती तारतम्यानें करावी. बाजारांत नामांकित कंपनीच्या बॅटरीसारख्याच दिसणाऱ्या, निम्म्या किमतीच्या बॅटऱ्या मिळतात. त्यांतील कित्येकांच्या आंत जुने, दुसऱ्या उपकरणांतून काढलेले सेल असतात. फसवणूक ओळखण्याची एक खूण अशी. १८ बाय ६५ मिलिमीटरच्या सेलांत सामान्यतः साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच सांठा मावतो. त्याच आकाराच्या सेलावर नऊ-दहा हजार छापलेलें दिसलें, तर तो छापणारा खोटें बोलत आहे हें निश्चित. भारतांत फिरत्या उपकरणांच्या अशा सीलबंद बॅटऱ्यांसाठीं भारतीय मानक ब्यूरोचें आयएस १६०४६ हें मानक आहे. तो क्रमांक आणि नोंदणीची खूण पाहून, पावती घेऊनच खरेदी करावी.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास जोडणारे अडॅप्टरही मिळतात. कित्येक अवजारांत बॅटरी फार उतरली कीं प्रवाह तोडण्याचें काम यंत्राकडे असतें. यंत्र परकें असलें म्हणजे हें काम कोणीच करीत नाहीं. बॅटरी उघडून एखादा मेलेला सेल बदलून देणारे कारागीरही पुष्कळ आहेत. परंतु सेलास थेट झाळण लावल्यानें आंतील पडदा भाजतो, आणि जुन्या चार सेलांच्या सोबतीस एक नवा बसविला तर सर्वांचा समतोल बिघडतो. बैलजोडींत एक तरणा आणि एक थकलेला बैल जुंपल्यास जें होतें, तेंच येथें होतें.

दुखण्याचीं लक्षणें आणि प्रसंग आल्यास

नुसती ठेवलेली असतांना गरम लागणें, कवच फुगणें किंवा तडकणें, ओल सुटणें, औषधी द्रवासारखा किंवा गोडसर वास येणें, पूर्वीच्या मानानें फार लौकर उतरणें, हीं आजाराचीं लक्षणें होत. उंचावरून फरशीवर जोरानें पडलेली बॅटरीही कांहीं काळ संशयित समजावी. अशी बॅटरी, धूर किंवा आवाज नसेल तर, अंगणांत उघड्या जमिनीवर, भिंतीपासून आणि वाळल्या पाल्यापासून दूर ठेवावी आणि तिच्यावर नजर ठेवावी. ती पुन्हां चार्ज करूं नये.

बॅटरीतून फुसफुस आवाज येऊं लागला किंवा धूर निघाला, तर ती हातांत घेऊन बाहेर पळण्याचें धाडस करूं नये. पुढच्या कांहीं क्षणांतच ती भडकण्याचा संभव असतो. मुख्य स्विच सुरक्षितपणें बंद करतां येत असेल तर करावा, घरांतील सर्वांस बाहेर काढावें, त्या खोलीचें दार ओढून घ्यावें आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावें. तिच्या धुरांत हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायु असतात. त्यांत श्वास घेऊं नये आणि सामान वांचविण्यासाठीं परत आंत जाऊं नये.

शाळेंत शिकलेल्या एका गोष्टीमुळें येथें घोटाळा होतो. सोडियमचा तुकडा पाण्यांत टाकला कीं तो पेटतो. लिथियम त्याच्याच कुळांतला. तेव्हां या आगीवर पाणी टाकूं नये, असें पुष्कळांस वाटतें. परंतु चांगल्या स्थितींतील लिथियम-आयन बॅटरींत लिथियम धातूचा गोळा नसतो. तें आयनरूपानें असतें. या आगीस मुख्यतः थंड करणें आवश्यक आहे, आणि त्यासाठीं भरपूर पाणी हेंच उत्तम साधन होय. वीज तोडलेली असेल, आग लहान असेल आणि मागें पळावयास मोकळी वाट असेल, तरच दुरून पाणी मारावें. कोरड्या पुडीच्या नळकांड्यानें ज्वाला दबते, पण आंतील उष्णता जात नाहीं. विझलेली बॅटरी कांहीं तासांनीं पुन्हां पेटते, असाही अनुभव आहे. अग्नीचा शेष राखूं नये असें आपले पूर्वज सांगत, तें या अग्नीस पुरेपूर लागू पडतें.

प्रवास आणि विसर्जन

३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानांत लिथियम बॅटऱ्यांच्या मालासह आग भडकली आणि विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्यु पावले. विमानांतील नियम कडक कां आहेत, हें यावरून कळावें. सुटी बॅटरी सामानखान्यांत देतां येत नाहीं. ती टोकें झांकून हातांतील सामानांतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सामान्यतः परवानगी लागत नाहीं. १०० ते १६० पर्यंतच्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीनें, त्याही सुट्या दोनच नेतां येतात. त्याहून मोठी प्रवाशास नेतां येत नाहीं. वर दिलेला व्होल्ट आणि अँपिअर-तासांचा गुणाकार येथें उपयोगी पडेल.

चांगल्या निगेनें बॅटरी कांहीं शें वेळां चार्ज होते आणि मग थकते. थकलेली बॅटरी केरांत टाकूं नये. कचऱ्याच्या गाडींत ती दाबली जाते, तेथें पेटते आणि सफाई कामगारांच्या जिवावर बेततें. 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' याअन्वये उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे आणि ग्राहकानें त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणें बंधनकारक आहे. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचें चित्र असतें, त्याचा अर्थ हाच. टोकांवर चिकटपट्टी लावून ती कंपनीच्या सेवाकेंद्रांत किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे पोंचवावी.

एवढे नियम वाचून कोणास हें अवजारच नको असें वाटेल, तर तो या लेखाचा हेतु नव्हे. ड्रिलनें श्रम वांचतात, घरच्या माणसांच्या हातास काम मिळतें आणि मुलांस यंत्रांची गोडी लागते. एकत्र कुटुंबांत करावयाचें तें इतकेंच. घरांतील एका माणसाकडे बॅटरीची राखण सोंपवावी. मग तो काका असो, आत्याबाई असो किंवा सोळा वर्षांचा नातू असो. तिला जागा एक असावी, चार्जर एक असावा, आणि ज्यास ती हवी असेल त्यानें राखणदारास सांगून न्यावी व सांगून परत द्यावी. खालीं पडली असेल तर न लपवितां सांगावें. सांगणाऱ्यास कोणी रागावूं नये, कारण रागाच्या भीतीनें लपविलेली बॅटरीच पुढें घात करते. आणि रात्रीं निजण्यापूर्वीं गॅसची चावी पाहणाऱ्या माणसानें चार पावलें पुढें जाऊन चार्जरचा प्लगही पाहावा.